दुरुस्ती की बदली? जुन्या इंजिनाचा हिशेब

मॉरिस ऑक्सफर्ड ही मूळची इंग्लंडमधली गाडी. तिची तिसरी आवृत्ती हिंदुस्थान मोटर्सनं कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला आणली आणि १९५७-५८च्या सुमारास ती अॅम्बॅसेडर या नावानं आपल्या रस्त्यांवर धावू लागली. थोड्याच काळात तिच्यात बीएमसी कंपनीच्या घडणीचं १,४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन बसलं. तेच इंजिन त्या काळी इंग्लंडमधल्या मॉरिस, ऑस्टिन आणि एमजी गाड्यांतही होतं. बिडाचा ब्लॉक तोच, सिलिंडरचं माप तेच, झिजण्याची तऱ्हाही तीच. पण ते झिजल्यावर दोन देशांत दोन निरनिराळ्या गोष्टी घडत. तिकडचा मालक विक्रेत्याकडे जाई, जुनं इंजिन जमा करी आणि फरकाची रक्कम भरून कारखान्यातच फेरबांधणी झालेलं, ‘गोल्ड सील’ नावानं विकलं जाणारं इंजिन गाडीत बसवून घेई. इकडचा मालक मिस्त्रीकडे जाई. मिस्त्री इंजिन उतरवून खोली, ब्लॉक बोअरवाल्याकडे धाडी, क्रँक ग्राइंडिंगला देई, आणि काही दिवसांनी तेच इंजिन, त्याच नंबरासह, पुन्हा त्याच गाडीत चढे. खिशाची काळजी दोघांनाही होती. साठच्या दशकात जुनी मॉरिस वापरणारा इंग्रज काही लॉर्ड नव्हता. तरीही एकानं बदली पत्करली आणि दुसऱ्यानं दुरुस्ती. इंजिन दुरुस्त करावं की बदलावं, हा प्रश्न गाडीवाला आपला खाजगी प्रश्न समजून सोडवतो: मिस्त्रीचं बिल किती, गाडीची किंमत किती, गाडी किती दिवस उभी राहणार. ही बेरीज-वजाबाकी तो चुकवतो असं नाही, पण तिच्यातला एकही आकडा त्याच्या हातातला नसतो. बदली इंजिन मुळात मिळतं का, त्याचा साठा कोण बाळगतं, आणि तो बाळगण्याची ऐपत व परवानगी कोणाला आहे, यावर ते आकडे ठरतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीचं पारडं जड राहिलं, त्याचं कारण आपल्या काटकसरी स्वभावात फारसं सापडत नाही. एकट्या-दुकट्या मालकाला बदली इंजिनाचा साठाच खुला नव्हता, हे त्याचं खरं कारण आहे असं मला वाटतं.

हे पटवून घ्यायचं तर आधी दुरुस्ती म्हणजे नेमकं काय हे जरा जवळून पाहायला हवं, कारण ‘इंजिनचं काम’ या एका शब्दात निदान तीन वेगवेगळे खर्च दडलेले असतात. इंजिन ऑइल खाऊ लागतं, चढावर दम सोडतं, मागून निळसर धूर येतो. ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून फुसफुस वाफ मारते. गॅरेजच्या भाषेत ‘बॅक मारते’. दोष वर आहे की खाली, हे ठरवायला जुन्या मिस्त्र्यांकडे एक सोपी परीक्षा असे. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजायचं. काटा वर गेला तर ऑइलनं रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांत आणि सिलिंडरच्या भिंतीत. काटा तिथेच राहिला तर गळती व्हॉल्व्हमधून, म्हणजे नुसतं हेड खोलून भागेल. हेडचं काम सर्वांत स्वस्त: कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासून सीटवर बसवायचे, हेड वाकलं असेल तर फेसिंग करून घ्यायचं. त्याच्या वरची पायरी हाफ कामाची. त्यात बोअर न करता नव्या रिंगा आणि बेरिंग घालून वेळ मारून नेतात. फुल काम म्हणजे ब्लॉक बोअर करणं. झिजलेला सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबगोल झालेला असतो. त्याला पुन्हा नीट गोल करायचं तर तो थोडा मोठाच करावा लागतो आणि त्या मापाचे ओव्हरसाईज पिस्टन घालावे लागतात. इंग्रजी घडणीच्या इंजिनांत हे माप इंचाच्या हजाराव्या भागात मोजलं जाई: वीस, तीस, चाळीस. चांगला बोअरवाला आधी पिस्टन हातात मागून घेई, मायक्रोमीटरनं प्रत्येक मोजी आणि त्या-त्या पिस्टनच्या मापानं तो-तो सिलिंडर कापी. शेवटचा हात होनिंगचा. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटवायच्या, म्हणजे त्यांत ऑइल धरून राहतं. शेवटची साईजही संपली की सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापापासून सुरुवात करायची.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते: हे इंजिन घडवतानाच ते पुढे कापलं जाणार हे गृहीत धरलेलं होतं. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटमधल्या १,०८९ सीसीच्या इंजिनाचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटरची. बिडाच्या भिंती जाड, म्हणून बोअरला जागा भरपूर. ओव्हरसाईज पिस्टन ही कुणा हिकमती मिस्त्रीनं शोधलेली पळवाट नव्हती, कंपन्याच ते बनवत. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत इंग्लंड-अमेरिकेतही गावोगावच्या गॅरेजांत सर्रास बोअर होत असे. फरक पुढे पडला. तिथे मजुरी महागली, एकाच नमुन्याची इंजिनं प्रचंड संख्येनं रस्त्यावर आली आणि प्रत्येक इंजिन सुटं-सुटं दुरुस्त करण्यापेक्षा जुनी गोळा करून कारखान्यात एका ओळीत बांधणं स्वस्त पडू लागलं. त्यासाठी एक अट मात्र लागते: रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनांखेरीज चार जास्तीची इंजिनं कपाटात हवीत. पहिल्या गिऱ्हाइकाला इंजिन द्यायचं तर ते आधीच तयार असायला पाहिजे.

आपल्याकडे हे कपाट रिकामं का राहिलं, याची कहाणी मुंबईतच घडली. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवायचा कारखाना काढला, आणि फोर्डही मुंबईत आली. हे जुळवणीचे कारखाने होते, सुटा माल बाहेरून येई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ती मात्र इथे गाडी बनवण्याच्या इर्ष्येनं, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या व ट्रक बाहेर पडू लागले. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारनं ठरवलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी धंदा आवरावा. जनरल मोटर्स आणि फोर्डनं आवरला. मग १९५६-५७ला परकीय चलनाचं संकट आलं आणि मोटारींच्या आयातीचं दार जवळजवळ बंद झालं. प्रवासी मोटारी बनवणारे मुख्यतः तिघे उरले: उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याचे प्रीमियर आणि मद्रासचे स्टँडर्ड. तिघांचं मिळून वर्षाचं उत्पादन सत्तरच्या दशकातही हजारांतच मोजलं जाई. गाड्यांचं वाटप १९५९च्या नियंत्रण आदेशानं बांधलेलं, पुढे किमतीही सरकारनं बांधल्या. त्या किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फियाटसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबत. अशा वेळी कुर्ल्यात तयार झालेलं प्रत्येक इंजिन कुठल्या ना कुठल्या रांगेतल्या गाडीचंच असणार. ते बदलीच्या साठ्यात टाकायचं म्हणजे एक गाडी कमी विकायची. कोणती कंपनी हा उद्योग करील, आणि कोणतं सरकार करू देईल?

आख्खं इंजिन दुर्मीळ होतं, पण त्याचे झिजणारे तुकडे तसे नव्हते, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पिस्टन, रिंग, बेरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह हे भाग बनवायला मोटारीच्या कारखान्याएवढं भांडवल लागत नाही. मद्रासला इंडिया पिस्टन्स १९४९ साली सुरू झाली, गेट्झे १९५४ साली, आणि त्यांच्यामागून लहान-मोठ्या कितीतरी कंपन्या आल्या. महाराष्ट्रात तर बिडाच्या कामाची जाण आधीपासून होती, आणि ती मोटारीमुळे आलेली नव्हती. विहिरीवरचा पंप आणि उसाचा चरक चालवणारी ऑइल इंजिनं साताऱ्यात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनत. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ पासून खडकीला होता. शेतावरच्या इंजिनाचा लायनर बदलणाऱ्या लेथवाल्याला मोटारीचा ब्लॉक परका वाटायचं कारण नव्हतं. म्हणजे परिस्थिती अशी: पूर्ण इंजिनांचा दुष्काळ, सुट्या भागांची ठीकठाक आवक, हुशार आणि स्वस्त हात मुबलक. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर बोअरवाल्याचा धंदा उभा राहणारच. ऑपेरा हाउसच्या आसपास सुट्या भागांच्या दुकानांची गर्दी झाली, दिल्लीत तशीच काश्मिरी गेटला.

यावर लगेच येणारा आक्षेप ठाऊक आहे. आपला माणूस मुळातच वस्तू टाकत नाही, फाटलं की शिवतो. मोटारीलाही त्यानं तोच नियम लावला, त्यात धोरण-बिरण कशाला शोधायचं? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो टिकत नाही. क्यूबात अमेरिकेचा व्यापार तुटल्यावर तिथले लोक पन्नासच्या दशकातल्या शेवरलेट गाड्यांत मिळेल ते इंजिन बसवून त्या आजवर चालवत आले आहेत. त्यांना आपल्या संस्कारांचा वारसा कोणी दिला? आणि त्याहून मोठा पुरावा आपल्या घरातच आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. पुढे महामंडळाचा पसारा वाढला, दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या, विभागवार वेगळ्या कार्यशाळा झाल्या. एसटीच्या आगारात इंजिन निकामी झालं तर चालक-वाहकाला आठ दिवस घरी बसवून तिथेच ब्लॉक बोअर करत बसायचा रिवाज नाही. जुनं इंजिन उतरतं, कार्यशाळेतून आलेलं रिकंडिशन केलेलं इंजिन चढतं, गाडी फेरीला लागते, आणि उतरलेलं इंजिन सावकाश बांधलं जाऊन तिसऱ्याच गाडीत जातं. देश तोच, मिस्त्री त्याच मातीतले, काटकसरीची ओढ तर सरकारी कारभारात अधिकच. तरी निर्णय बदलीचा, कारण एकाच नमुन्याच्या शेकडो गाड्या एका मालकाच्या असल्यावर चार इंजिनं जास्तीची ठेवणं त्याला परवडतं. इंग्लंडमध्ये जे काम गाडीची कंपनी सगळ्या गिऱ्हाइकांसाठी मिळून करत होती, तेच इथे एसटी स्वतःपुरतं करत होती.

आता याच तराजूत मुंबईचा टॅक्सीवाला घालून पाहू. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मुंबई जन्मभर ‘फियाट’च म्हणत आली, सत्तरच्या दशकात कंपनीनं तिचं नाव पद्मिनी ठेवल्यानंतरही. नव्वदच्या दशकात शहरात टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात होती, आणि त्यांत बहुतेक सगळ्या याच एका नमुन्याच्या. म्हणजे इंजिनांच्या अदलाबदलीसाठी याहून अनुकूल ताफा शोधून सापडला नसता. पण त्या साठ हजार गाड्यांचे मालक हजारो होते, एकेका-दोनदोन गाड्यांचे. टॅक्सीवाल्याच्या हिशेबात मिस्त्रीच्या बिलापेक्षा खाड्याचे दिवस मोठे असतात. गाडी उभी राहिली की धंदा बंद, आणि गाडी दुसऱ्याला पाळीवर दिलेली असेल तर दोन घरांचा. फुल काम म्हणजे बोअरवाल्याची रांग, क्रँकची रांग, मग पहिले हजार-दीड हजार किलोमीटर इंजिन दाबायचं नाही असा दंडक. नवं बोअर केलेली गाडी कितीतरी दिवस मागे ‘रनिंग इन’ची पाटी लावून सावकाश चालायची, टॅक्सीला तेही महागच. म्हणून टॅक्सीवाले बहुधा हाफ कामावर निभावून नेत: रिंगा आणि बेरिंग घालायची, हेड घासायचं, दोन-तीन दिवसांत गाडी पुन्हा स्टँडवर. जाणकार म्हणतील, दोन हाफ कामांच्या पैशांत एक फुल काम झालं असतं आणि ते जास्त टिकलं असतं. कागदावर बरोबर आहे. पण ते पैसे एकदम लागतात आणि दिवसही एकदम लागतात, आणि रोजच्या गल्ल्यावर घर चालवणाऱ्याला नेमकं तेच जमत नाही. ज्याच्याकडे सुटं इंजिन आहे त्यालाच फुल काम शांतपणे करता येतं. एकट्या मालकाचा हाफ कामाचा निर्णय आळशीपणाचा वाटतो खरा, पण त्याच्या जागी बसून हिशेब केला तर तो पुरता चोख आहे.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे, आणि माझ्या म्हणण्याला याहून स्पष्ट आधार सापडणं कठीण. गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिनाचा नंबर असतो आणि तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक कितीही वेळा बोअर करा, स्लीव्ह ठोका, आतले सगळे पिस्टन बदला. नंबर तोच राहतो आणि आरटीओच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. पण ब्लॉक बदलला की नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आणि चौदा दिवसांत कळवण्याची जबाबदारी आली. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम हे सांगतं, आणि त्याच कलमात एक सवलतही आहे: ज्याच्याकडे निदान दहा परिवहन वाहनं आहेत अशा मालकाला त्याच बनावटीचं, त्याच नमुन्याचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. दहा गाड्यांची ही रेघ कोणी मुद्दाम गरिबाला छळायला आखलेली नाही, ताफा चालवणाऱ्याची अडचण ओळखून दिलेली ती सोय आहे. पण रेघेच्या अलीकडे राहिलेल्याचं काय होतं ते पाहा. त्यानं कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून स्वस्तात इंजिन आणलं तर आधी ते कुठल्या गाडीचं, तिची कागदपत्रं कुठे, चोरीचं तर नाही, याची उत्तरं त्यालाच द्यायची. ही शंका अगदीच अनाठायी नव्हती: मेरठच्या सोतीगंजचा बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठीच बदनाम झाला आणि शेवटी २०२१ साली त्याला टाळं लागलं. सरळमार्गी माणसाला जुना, माहितीतला, आपल्याच नंबराचा ब्लॉक बोअर करणं बिनधोक वाटावं, यात नवल काय?

आपल्या लोकांनी इंजिनं कधी बदललीच नाहीत असं मात्र नाही. बदलली, पण ती झिजली म्हणून क्वचितच. इंधन बदलायचं होतं म्हणून. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं, डिझेल त्यामानानं स्वस्त राहिलं, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत डिझेल इंजिन बसवायचा व्यवहार हिशेबात बसू लागला. ग्रामीण महाराष्ट्रात वडापच्या जीपगाड्या डिझेलवर गेल्या, अॅम्बॅसेडरच्या बॉनेटखाली मॅटॅडोर व्हॅनचं डिझेल इंजिन दिसू लागलं. हा खर्च बोअरपेक्षा कितीतरी मोठा, तरी माणसं कर्ज काढून करत, कारण रोजच्या इंधनातला फरक तो हप्ता भागवत असे. हाती पैसा कमी म्हणून माणूस दुरुस्तीला चिकटतो हा सिद्धांत इथेही लंगडा पडतो: बदलीतून रोज परतावा मिळणार असेल तर कमी पैशावाला बदलीचा खर्चही करतो. गंमत म्हणजे खुद्द कंपन्यांनीही हेच केलं. हिंदुस्थान मोटर्सनं अॅम्बॅसेडरला आधी डिझेल इंजिन दिलं आणि १९९२ला इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन दिलं, सांगाडा जुनाच ठेवून. प्रीमियरनं १९८५च्या ११८ एनई गाडीत फियाटच्या जुन्या अंगात निसानचं इंजिन घातलं. नवी गाडी घडवण्याचं भांडवल नव्हतं, म्हणून इंजिन बदललं. गॅरेजमधल्या गिऱ्हाइकाची अडचण आणि कारखानदाराची अडचण, दोन्ही एकाच जातीच्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. दुरुस्त करून-करून चालवलेलं इंजिन मालकाला स्वस्त पडलं, पण त्याचा धूर इतरांच्या फुप्फुसात गेला. मग स्वस्त कोणाला? हाफ काम केलेलं इंजिन पुन्हा लवकर ऑइल जाळू लागतं, हे खरंच आहे. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संस्थेनं १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यातून जुन्या टॅक्सींवर गदा आली. पण न्यायालयाच्या आदेशांनी वाट कोणती मोकळी ठेवली तेही पाहायला हवं: जुनी टॅक्सी सीएनजीवर घेतली तर ती राहू शकत होती. महानगर गॅस १९९५ पासून मुंबईत होतीच. टॅक्सीवाल्यांनी किट बसवली आणि तेच कुर्ल्याचं इंजिन, तोच नंबर, नव्या इंधनावर चालू राहिलं. कोरड्या गॅसनं सिलिंडरची भिंत पेट्रोलसारखी धुपत नाही, ऑइल स्वच्छ राहतं. मात्र व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट लवकर खातात. मिस्त्रीचं काम बोअरकडून हेडकडे सरकलं, इतकंच. धूर बराच कमी झाला आणि एकट्या मालकाला गाडी टाकावी लागली नाही. प्रदूषणाचा आक्षेप दुरुस्तीवर जितका लागू होतो तितकाच, किंबहुना अधिक, या गोष्टीवर लागू होतो की त्या मालकाला हाफ कामाखेरीज परवडेल असा पर्याय कोणी देऊ केला नव्हता. पर्याय आल्यावर त्यानं तो घेतला. पुढे राज्य सरकारनं टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस हा नमुना टॅक्सी म्हणून कायद्यानं संपला. तिला इंजिनानं संपवलं नाही, तारखेनं संपवलं.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा या हिशेबाचे आकडे हलू लागले, पण ते उलटायला पुढची वीसेक वर्षं गेली. नवी इंजिनं हलकी, त्यांच्या भिंती पातळ, मापं काटेकोर. काही इंजिनांत ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि आत पातळ लोखंडी स्लीव्ह. काहींना कंपनी ओव्हरसाईज पिस्टन देतच नाही. ऑइल सुधारलं, हवेचे फिल्टर सुधारले, त्यामुळे सिलिंडर झिजून इंजिन निकामी होण्याचं प्रमाण घटलं. आता ते मरतं बहुधा पाणी आटून तापल्यानं, टायमिंग बेल्ट तुटल्यानं किंवा पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढल्यानं. अशा मरणाला बोअर हे उत्तर नाही, ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकून भिंत फोडून बाहेर आला असेल तर कापायला उरतंच काय? आणि त्याच काळात रिकामं कपाट आपोआप भरलं. गाड्या लाखांनी विकल्या जाऊ लागल्या, अपघातात चुरगळलेल्या गाड्या विमा कंपन्या ‘टोटल लॉस’ ठरवू लागल्या. मागून धडक बसलेल्या गाडीचं इंजिन पुढे शाबूतच असतं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट इथे अशी इंजिनं रांगेनं मांडलेली मिळू लागली, आणि बरेचदा फुल कामापेक्षा कमी पैशांत. बदलीचा साठा उभा राहिला, फक्त तो कोणत्या कंपनीनं किंवा महामंडळानं उभा केला नाही, भंगारवाल्यानं केला.

आज हाती थोडे पैसे असलेला माणूस याच ठिकाणी अडतो, आणि त्याला सल्ला देणारे एक ठोकताळा सांगतात: गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून खर्च जास्त येत असेल तर हात लावू नका. हा नियम गाडी विकायची असेल तेव्हा बरोबर आहे. ज्याला ती चालवायचीच आहे त्याचा हिशेब वेगळा असतो, कारण त्याच बाजारभावात त्याला दुसरी जी गाडी मिळेल तिचं इंजिन तितकंच अनोळखी असेल. त्यानं विचारायचे प्रश्न जुनेच आहेत, फक्त उत्तरं नवी. दोष हेडचा असेल आणि ब्लॉक सरळ असेल तर आजही दुरुस्तीला तोड नाही. बोअर करावंच लागणार असेल तर त्या इंजिनाचे ओव्हरसाईज पिस्टन कंपनीचे मिळतात का हे आधी पाहायचं, ब्लॉक कापून झाल्यावर ते विचारण्यात अर्थ नाही. भंगारातलं इंजिन घ्यायचं तर ते उतरवलेलं नको, गाडीत असताना चालू करून, कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं, ज्या गाडीतून काढलं तिचे नोंदणी रद्द झाल्याचे कागद मागायचे, आणि आपलं नोंदणी पुस्तक दुरुस्त करून घ्यायचं. २०००च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेर जायची मोकळीक जवळपास काढून घेतली आहे, सीएनजीसारख्या इंधनावर जाण्याची सोय तेवढी ठेवून. त्यामुळे वडापवाल्यांचा जुना खेळ आता उघडपणे करता येत नाही. ट्रकवाल्यांसाठी मात्र चित्र बरंच बदललं आहे. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ या नावानं फेरबांधणी केलेली इंजिनं जुन्याच्या बदल्यात देते, म्हणजे इंग्लंडच्या मॉरिसवाल्याला साठच्या दशकात जे मिळत होतं ते इथल्या व्यावसायिक गाडीला मिळू लागलं. दहा-बारा वर्षांची छोटी मोटार चालवणाऱ्याला तशी खिडकी अजून शोधावी लागते, आणि तोवर तो सीएसटी रोडवरच्या दुकानदाराशी ‘चालू करून दाखवा, मग बोलू’ अशी घासाघीस करत उभा असतो.